कालव्यात बुडालेल्या बाईसाठी

आपा पिहोर गेले त्याला आता अकरा वर्षं झाली; आपा म्हणजे बाबा, वडीलधाऱ्या वैराग्याला आम्ही तसंच म्हणतो. नव्या बंधूंना त्यांच्याविषयी काही सांगायचं म्हटलं की माझी पंचाईत होते, कारण चमत्कार म्हणून त्यांच्या नावावर एकही नाही. सिंह त्यांच्या पायाशी येऊन बसला नाही, सैतानाशी त्यांची झटापट झाली नाही. तरुणपणी ते नाईलकाठी तेरेनूथच्या घाटावर होड्यांतून दारूचे रांजण उतरवायचे. एकाच उन्हाळ्यात बायको आणि दोन मुलगे तापानं गेले. मग चाळिसाव्या वर्षी ते इथे, मिसरमधल्या शिएतच्या वाळवंटात, वैराग्यांच्या वस्तीत आले, खडकाला टेकून एक खोली बांधली आणि त्यानंतर चौतीस वर्षं लव्हाळ्यांच्या दलदलीपलीकडे पाऊल टाकलं नाही. वाचता येत नव्हतं. स्तोत्रं ऐकून ऐकून पाठ केलेली, त्यातली बरीचशी चुकीची.

तरी माणसं त्यांच्याकडे यायची. कुणी मोठा प्रश्न घेऊन आला की आपा त्याला एखादा लहानसा प्रश्न विचारायचे. एकदा एक तरुण बंधू आला. म्हणाला, "आपा, प्रार्थनेत माझं मन भटकतं. काय करू?"

"सकाळी काय खाल्लंस?"

"परवापासून काही खाल्लं नाही."

"मग ते भटकत नाहीये, भाकरी शोधतंय. जा, खाऊन ये."

दोन बंधू होते, एकमेकांचं तोंड पाहायचे नाहीत. धर्मगुरू आपा हेरोन त्यांना समजावून थकले होते. आपा पिहोरांनी त्यांना एक शब्द सुनावला नाही. एका लांब दांड्याला मधोमध मोठा रांजण बांधला आणि म्हणाले, "माझे गुडघे गेलेत. महिनाभर माझं पाणी तुम्ही दोघं आणा." दांड्याची दोन टोकं दोघांच्या खांद्यांवर. पुढचा भरभर चालला की मागच्याच्या अंगावर पाणी. पहिल्या दिवशी अर्धा रांजण पोचला. आठव्या दिवशी काठोकाठ भरून आला, आणि दोघं बोलत बोलत आले. कशाविषयी, तर हा म्हातारा एवढं पाणी पितो तरी कसा, याविषयी.

मी पंचवीस वर्षं त्यांच्या शेजारच्या खोलीत राहिलो. माझं नाव कोलुथ. झावळ्या भिजवायच्या, पात्या सोलायच्या, टोपल्या विणायच्या, सुकी भाकरी मिठाच्या पाण्यात बुडवून खायची, शनिवारी सगळ्यांबरोबर प्रार्थनेला जायचं, हे माझं आयुष्य. बाहेर मात्र माझं नाव झालं होतं, आणि ते माझ्या रडण्यामुळे. प्रार्थनेला उभा राहिलो की माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागायचं, ते थांबायचं नाही. आमच्यात याला देवाचं दान मानतात. लांबून लांबून बंधू यायचे, कोपऱ्यात उभे राहून माझं रडणं बघायचे आणि माझ्या झग्याच्या टोकाला हात लावून जायचे.

त्यांना काय ठाऊक मी कशासाठी रडतो ते!

मला इथे येऊन वीस वर्षं झाली होती आणि नाईलला पूर आला होता, तेव्हाची गोष्ट. आपा हेरोन दोन वडीलधाऱ्या बंधूंना घेऊन माझ्या दारात आले. म्हणाले, "कोलुथ, यंदा नवे नऊजण आलेत. त्यांना वळण लावायला माणूस हवा. आम्ही ठरवलंय, तूच ते काम करायचंस. अश्रूंचं दान मिळालेला माणूस त्यांना लाभू दे."

मी म्हणालो, "मी नालायक आहे."

"लायक माणसं हेच म्हणतात," आपा हेरोन म्हणाले आणि खूश होऊन निघून गेले.

ते दिसेनासे झाले तसा मी तडक आपा पिहोरांकडे गेलो. दुपारची वेळ होती. ते दारात बसून पाण्यातल्या झावळ्या उलट्यासुलट्या करत होते. मी त्यांच्यासमोर बसलो आणि वीस वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

मी तमोने गावचा. माझं लग्न झालेलं होतं. बायकोचं नाव नोन्ना, तिच्या वडिलांचा तेलाचा घाणा होता. लग्नाला तीन वर्षं झाली होती, भांडण नव्हतं, तंटा नव्हता. एकदा बाजारात शिएतहून आलेला एक वैरागी भेटला. त्याचं बोलणं ऐकलं आणि माझ्या डोक्यातून ते जाईना. महिनाभर मी घरात वावरलो ते परक्यासारखा. एके सकाळी जवस कापायला म्हणून निघालो, कालव्याच्या काठावर विळा ठेवला आणि चालू लागलो. नोन्नाला सांगितलं नाही.

"पुढे?" आपांनी विचारलं.

"तिसऱ्या वर्षी खाराच्या तळ्यावर एक उंटवाला भेटला, पेबो नावाचा. आमच्या भागातून आला होता. मी सहज विचारलं, तमोनेकडे काय खबर? तो म्हणाला, पुरात एका बाईनं कालव्यात उडी घेतली. नवरा सोडून गेला होता म्हणे तिचा."

एवढं बोलून मी थांबलो. आपांनी एक झावळी बाहेर काढली, वाकवून पाहिली, परत पाण्यात टाकली.

"नाव काय सांगितलं त्यानं?"

"कुणाचं?"

"बाईचं."

"नाव नाही सांगितलं."

"तू विचारलंस?"

मी मानेनं नाही म्हटलं.

"म्हणजे सतरा वर्षं तू उपास केलेस, दगडावर निजलास, रडलास, ते सगळं एक प्रश्न विचारायला लागू नये म्हणून," आपा म्हणाले. आवाजात राग नव्हता, आश्चर्य होतं. एखाद्यानं उलटी टोपली विणून आणावी आणि त्यांनी ती हातात फिरवून बघावी तसे ते माझ्याकडे बघत होते. मग दोन्ही हात जमिनीला टेकून, कण्हत, ते उभे राहिले. "चल."

"कुठे?"

"तमोनेला."

"तुम्ही? तुम्ही तर दलदलीपलीकडे..."

"तुला एकट्याला पाठवलं तर तू दलदलीपर्यंत जाशील आणि देवानं परत बोलावलं म्हणून मागं फिरशील. मी ओळखतो तुला."

"आणि तुमचं व्रत?"

"माझं व्रत मी बघतो. तू पाण्याची पखाल भर."

दोन दिवस आम्ही चाललो. खरं तर मी चाललो आणि आपा माझ्या खांद्यावर ओझं टाकून खुरडत आले. दर थोड्या वेळानं ते बसायचे आणि गुडघ्यांना चोळत म्हणायचे, "यांना चौतीस वर्षं वाटत होतं आता आपली सुटका झाली." नदी दिसली तेव्हा मात्र ते गुडघे विसरले. एवढं पाणी, तांबूस, भरून वाहणारं. त्यांनी वाकून हात बुडवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला.

तेरेनूथहून कांद्यांची एक होडी वर निघाली होती, त्यांनी आम्हाला घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तमोने दिसलं. पुरात आमचं गाव बेट होतं, शेतं पाण्याखाली, टेकाडावर घरं आणि घरांच्या आत माणसं. जसजशी होडी जवळ गेली तसा मी मागं सरकत गेलो.

"आपा, परत जाऊ या."

"होडीवाल्याला सांग. तो कांदे टाकून तुला पोचवायला निघेल."

घाटावर उतरलो. मी घाण्याकडे जायला तयार नव्हतो, गावच्या धर्मगुरूंना विचारू म्हणत होतो. पण आपांनी जवसाच्या तेलाचा वास घेतला आणि त्या वासामागे सरळ चालत गेले. घाण्याचं दार उघडं होतं. आत गाढव फिरत होतं, दोन बाया तेलाच्या घागरी घेऊन भिंतीशी बसल्या होत्या, आणि कोपरापर्यंत बाह्या सारलेली एक जाडसर बाई पेंड खरवडत होती. केस पिकलेले. तिनं वर पाहिलं.

"या, आपा, बसा. शिएतहून आलात ना? कपड्यावरनं वाटलंच. पाणी देते आधी."

मी आपांच्या मागं उभा होतो. मी भिंत धरली. ती जिवंत होती. पेंड खरवडत होती. सतरा वर्षं मी तिला पाण्याखाली पाहत आलो होतो, केस पसरलेले, डोळे उघडे. आणि तिच्या गालाला तेल लागलं होतं.

"आणि हे का असे?" ती माझ्याकडे बघत म्हणाली. "ऊन लागलं वाटतं यांना."

"नोन्ना," मी म्हणालो.

ती ओरडली नाही. तिनं माझ्या डाव्या कानाकडे पाहिलं. लहानपणी कुत्रं चावल्यानं तो अर्धा फाटलेला आहे. मग ती त्या दोन बायांकडे वळली.

"बायांनो, उद्या या. आज गाढव चालत नाही."

"चालतंय की," एकजण म्हणाली.

"नाही चालत," नोन्ना म्हणाली, आणि जाऊन तिनं गाढव थांबवलं.

बाया गेल्या. तिनं दार लावून घेतलं, अडसर घातला आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"तुला मगरीनं खाल्लं," ती म्हणाली.

"नाही."

"विळा काठावर होता. दोन दिवस गाव कालवा धुंडाळत होतं. मगरीनं खाल्लं तुला. तुझ्या नावाचा दगड लावलाय आम्ही, माझ्या बापाच्या शेजारी."

"विळा मी ठेवला होता. ठेवला आणि गेलो."

"ठेवला आणि गेलास." तिनं ते शब्द घोळवले. मग तिचा आवाज चढला. "वीस वर्षं मी मगरींना शिव्या घालतेय! दिसली की दगड मारते! एकदा पिल्लू होतं हातभर, त्यालासुद्धा सोडलं नाही. बिचाऱ्या मगरी!" ती आपांकडे वळली. "का हो आपा, बायकोला सांगून यायला तुमच्याकडे बंदी आहे का?"

"नाही, बाई. हा भ्याला."

"कुणाला? मला?"

मी म्हणालो, "तू रडशील याला. तू रडली असतीस तर माझा पाय निघाला नसता."

"रडले असते? मी तुला भाकऱ्या बांधून दिल्या असत्या! जा म्हटलं असतं, एकदाचा जा." ती दम घ्यायला थांबली. पदराच्या टोकानं तोंड पुसलं. "नाही. नसत्या दिल्या. रडलेच असते."

मी तिच्या पायाशी बसलो. काय बोललो ते मला नीट आठवत नाही. उंटवाल्याचं सांगितलं, कालव्याचं सांगितलं. तू मेलीस असं समजत होतो, माझ्यामुळे मेलीस असं समजत होतो.

"मी?" नोन्ना म्हणाली. "कालव्यात बुडून? अरे मूर्खा, तुला पोहायला कुणी शिकवलं?"

आणि ती हसली. हसता हसता रडू लागली, रडता रडता तिनं माझ्या पाठीत एक गुद्दा घातला, चांगला जोरात. आपा पिहोर गाढवाची मान खाजवत दुसरीकडे बघत होते.

तेवढ्यात मागच्या दारानं एक ठेंगणा माणूस जवसाचं पोतं पाठीवर घेऊन आला.

"बायका परत का गेल्या?" त्यानं विचारलं. मग आम्हाला पाहिलं.

"फिब," नोन्ना म्हणाली, "हा कोलुथ."

"कोणता कोलुथ?"

"मेलेला."

त्यानं पोतं खाली ठेवलं आणि त्याच पोत्यावर बसला. फिब तिचा दुसरा नवरा. मी गेल्यावर चार वर्षांनी त्यांचं लग्न झालं होतं, तीन मुलं होती. तो कोण हे मला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. घर हातातून निघून चाललेल्या माणसाचा चेहरा होता तो. तो हात झग्याला पुसत राहिला, कोरडे झाले तरी पुसत राहिला.

"न्यायला आलाय का हिला?" त्यानं विचारलं. माझ्याकडे न बघता, आपांना.

"नाही रे बाबा," आपा म्हणाले. "हा झगा अंगावर घालतात तेव्हा आमच्यात मेलेल्या माणसाची प्रार्थना म्हणतात. याच्यासाठी ती दोनदा झाली, एकदा तुमच्याकडे, एकदा आमच्याकडे. याच्याइतका मेलेला माणूस सगळ्या मिसरात शोधून मिळायचा नाही. बाई तुझी, मुलं तुझी. याला फक्त एक प्रश्न विचारायचा होता. विचारून झाला."

फिबनं माझ्याकडे पाहिलं. "खरं?"

"खरं," मी म्हणालो.

त्यानं एवढा मोठा श्वास सोडला की गाढवानं कान टवकारले. मग तो लगबगीनं उठला, कुठून तरी दोन पाट आणले, पाणी आणलं, परत जाऊन आणखी पाणी आणलं. "बसा ना, उभे का? काकड्या आहेत. नोन्ना, काकड्या आहेत ना?"

मी नोन्नाला म्हणालो, "मला क्षमा कर."

"आज नाही सांगता यायचं," ती म्हणाली. "आज मला फार राग आलाय आणि फार बरंही वाटतंय. दोन्ही एकदम पोटात मावत नाही. आधी जेवा."

मसुराची आमटी होती, गरम भाकरी, कांदा, काकड्या. तिनं आमटीवर सढळ हातानं तेल ओतलं. आपा पिहोरांनी चौतीस वर्षं तेल तोंडाला लावलं नव्हतं, मला वाटलं आता नको म्हणतील. त्यांनी भाकरीनं ताटली पुसून खाल्ली आणि आणखी मागितली. मी मात्र घास घेतला आणि थांबलो. माझ्या मनात एक गोष्ट आली होती, आणि ती इतक्या उशिरा आली याची माझी मलाच लाज वाटली.

"पण मग पेबोनं सांगितली ती बाई कोण?" मी विचारलं.

फिबनं मान खाली घातली.

"ताएसे," ती म्हणाली. "तुला आठवत असेल. गल्लीच्या टोकाला राहायची, तेकलाबाईची मुलगी. तिचा नवरा धान्याच्या होड्यांबरोबर अलेक्झांड्रियाला गेला आणि तिथेच दुसरीबरोबर राहिला. तिला कळलं त्याच आठवड्यात..." तिनं हातानं पाण्याकडे दाखवलं. "आपल्या हातानं मेली म्हणून चर्चमध्ये मेलेल्यांच्या प्रार्थनेत तिचं नाव वाचत नाहीत. आईचे डोळे गेलेत आता. येईल त्या धर्मगुरूला विचारते, माझ्या पोरीसाठी कुणी प्रार्थना करतं का हो? ते गप्प बसतात. सतरा वर्षं झाली."

मला ताएसे आठवली. हसायला लागली की तिला उचकी लागायची. माझ्या खांद्यावरचं ओझं उतरलं होतं, हे खरंच. पण ते उतरलं तेव्हा त्याच्या जागी दुसऱ्या कुणाचं मरण होतं, आणि ते ऐकून मी सुटलो होतो.

आपा पिहोरांचं जेवून झालं होतं. ते म्हणाले, "कोलुथ, सतरा वर्षं तू कुणासाठी रडलास?"

"नोन्नासाठी, आपा."

"नीट सांग. नोन्ना तर इथे आमटी वाढतेय."

"कालव्यात बुडालेल्या बाईसाठी."

"कालव्यात कोण बुडालं?"

मी भाकरी खाली ठेवली.

"मग झालं तर," आपा म्हणाले. "ऊठ. मला हात दे."

गल्लीच्या टोकाचं घर तेच होतं, फक्त खचलं होतं. तेकलाबाई दारात सूत काढत बसल्या होत्या, बोटांच्या अंदाजानं. पावलं ऐकून त्यांनी चाती थांबवली.

"कोण?"

"शिएतचे दोन वैरागी, बाई," आपा म्हणाले आणि कण्हत कण्हत त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर बसले. "मी पिहोर. हा माझ्या शेजारी राहतो. तुमच्या मुलीविषयी सांगायला आलोय."

म्हातारीनं चाती खाली ठेवली. "तिच्याविषयी सगळ्यांनी सांगून झालंय. नरकात आहे म्हणून. तुम्ही एवढ्या लांबून तेच सांगायला आलात?"

"नाही. हा माणूस सतरा वर्षं वाळवंटात रोज तिच्यासाठी प्रार्थना करतोय. रडून रडून. एक दिवस चुकवला नाही. मी शेजारी राहतो, माझी झोप मोडते त्यानं, म्हणून मला ठाऊक."

मी पुढे झालो. खोटं राहू नये म्हणून म्हणालो, "आई, मला तिचं नाव ठाऊक नव्हतं. पुरात एक बाई गेली एवढंच ऐकलं होतं. मी तिला..."

"नाव ठाऊक नव्हतं?" तेकलाबाईंनी हात पुढे केला. माझा चेहरा त्यांना सापडला. खरखरीत बोटं माझ्या गालांवरून फिरली, डोळ्यांखाली थांबली. तिथे सतरा वर्षांत कातडी सोलवटून चरे पडले होते. त्यांनी ते चरे दोनदा चाचपले.

"नाव माहीत नसताना?" त्या म्हणाल्या. "तुझी कुणी लागत नसताना?"

"हो, आई."

"ताएसे नाव तिचं."

"ताएसे," मी म्हणालो.

"देवापुढे?"

"रोज देवापुढे."

त्यांचे खांदे हळूहळू खाली आले, पाठ भिंतीला टेकली, तोंड थोडं उघडं राहिलं. लांबून डोक्यावर भारा घेऊन आलेली बाई तो खाली टाकल्यावर जशी बसते तशा त्या बसल्या. मग चाती उचलून म्हणाल्या, "उचक्या फार लागायच्या हो तिला," आणि ताएसेविषयी सांगू लागल्या. किती वर्षांत ते ऐकणारा त्यांना भेटला नव्हता. आपा पिहोर संध्याकाळपर्यंत ऐकत बसले. मध्ये मध्ये लहानसे प्रश्न विचारत होते. तिला खायला काय आवडायचं? गाणी म्हणायची का? पहिला दात कधी पडला?

दुसऱ्या सकाळी फिब आम्हाला मोठ्या होडीपर्यंत पोचवायला आपल्या नावेतून निघाला. नोन्ना पण आली. वाटेत पाण्यात काही तरी काळं हललं, तेव्हा तिचा हात सवयीनं नावेतला दगड शोधू लागला आणि मग तिनं तो परत मांडीवर ठेवला. फिबनं ते पाहिलं आणि वल्ही मारता मारता हसत सुटला.

मी मोठ्या होडीत चढलो तेव्हा ती म्हणाली, "देवापुढे माझं नाव घेतोस अजून?"

"रोज."

"मग आता जिवंतांमध्ये घे. आणि सांग त्याला, नोन्ना फारशी रागावलेली नाही म्हणून."

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. मी वळण लावणारा वडीलधारा झालो नाही. प्रार्थनेत मी कोरड्या डोळ्यांनी उभा राहू लागलो तसा आपा हेरोनांनीच तो विषय सोडला, आणि लांबून येणारे बंधूही यायचे थांबले. मला भट्टीचं काम दिलं. भाकऱ्या मी बऱ्या भाजतो असं म्हणतात. शनिवारी मी ताएसेचं नाव घेतो, मोठ्यानं. पहिल्यांदा आपा हेरोनांनी माझ्याकडे वळून पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं नाही. तेकलाबाई दोन वर्षांनी गेल्या, झोपेतच. फिबनं निरोप पाठवला होता. आम्ही परतल्यावर आपा पिहोर आणखी पाच हिवाळे होते. तमोनेच्या प्रवासानं गुडघे कायमचे गेले, तरी त्याविषयी ते कधी एक शब्द बोलले नाहीत. म्हणजे गुडघ्यांविषयी रोज बोलायचे, प्रवासाविषयी नाही.

त्यांनी मला काय शिकवलं असं कुणी विचारलं तर मला परतीची होडी आठवते. पुराचं पाणी खाली खेचत होतं, होडी शिडाशिवाय पळत होती. मी धान्याच्या पोत्यांवर टेकलो. वाटेत बोलायचं म्हणून मनात खूप काही जमवलं होतं. आपांना सांगायचं होतं की मला कसं वाटतंय, आणि विचारायचं होतं की देवानं हे सगळं असं का घडवलं. वारा गार होता. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा ऊन उतरत आलं होतं आणि काठावरचं एकही झाड ओळखीचं नव्हतं.

"आपा, तेरेनूथ कुठे आहे?"

"मागं राहिलं," आपा म्हणाले. ते होडीच्या कडेला बसून काकडी खात होते. "बरंच मागं."

"मला उठवलं का नाही?"

"झोपला होतास."

"अहो, पण आता मागं चालत जावं लागणार! अर्धा दिवस! तुमचे गुडघे..."

"हो, ओरडणार आहेत ते," आपा म्हणाले. त्यांनी काकडीचा उरलेला तुकडा माझ्या हातात दिला. "खा. होडीवाला म्हणतोय, पुढच्या वळणावर उतरवतो. तोवर हवं तर आणखी नीज."